मित्रांबरोबर ट्राउट-स्टीलहेडची ट्रिप: आधी काय, नंतर काय आणि हमखास कुठे फसतं

तीन दिवस, चार जण आणि सगळ्यांचा मिळून एक मासा. आमच्या पहिल्या मासेमारीच्या ट्रिपचा हिशोब हा असा होता, आणि तो एक मासा ज्याला लागला तो तेव्हा रॉड काखेत धरून चहा पीत होता. घरी येताना आम्ही नदीला नावं ठेवली, हवेला ठेवली, पण खरं सांगायचं तर घरी करायची कामं आम्ही नदीवर करत बसलो आणि नदीवर करायची कामं केलीच नाहीत. नंतर ज्यांना ज्यांना सोबत नेलं ते पण हेच करताना दिसले, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय. उदाहरणासाठी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली लोअर डेशूट्स नदी धरलीये, मॉपिन गावाच्या आसपासचा पट्टा. दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर नियम तिथले बघा, क्रम हाच ठेवा.

१. आधी मासा ठरवा, तारीख नंतर

"जमलं तर ट्राउट, नाहीतर स्टीलहेड" असं ठरवून गेलात तर दोन्ही हुकतात. ट्राउट हा थंड, गोड्या पाण्यातला मासा. स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच, पण समुद्रात जाऊन मोठा होऊन अंडी घालायला नदीत परत आलेला. नदीत आल्यावर तो फारसा खात नाही. त्यामुळे ट्राउटला खायला काय द्यायचं हा प्रश्न असतो, आणि स्टीलहेडच्या बाबतीत जास्तीत जास्त पाणी चाळून फ्लाय (पिसं-केस बांधून किड्यासारखा सजवलेला गळ) त्याच्या नाकासमोरून न्यायची एवढंच असतं. रॉड वेगळा, वेळ वेगळी, डोकं पण वेगळं लागतं.

डेशूट्सवर साधारण मे-जूनमध्ये मोठ्या स्टोनफ्लाय (नदीतले खरे किडे) निघतात, तेव्हा ट्राउटची मजा असते. उन्हाळी स्टीलहेड खालच्या पट्ट्यात जुलैपासून यायला लागतात आणि शरद ऋतूपर्यंत चालतं. दोन्ही करायचंच असेल तर पहाटे आणि संध्याकाळी, पाण्यावर थेट ऊन नसताना स्टीलहेड, आणि मधल्या वेळात ट्राउट. एकाच वेळी दोन्ही नको.

*तपासा:* सुट्टी टाकायच्या आधी ओडीएफडब्ल्यूच्या (ओरेगनचं मासे-वन्यजीव खातं) साईटवर त्या झोनचे नियम वाचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत वाचा. कारण मधेच बदलतात. २०२१ मध्ये परतणारे मासे इतके कमी होते की लोअर डेशूट्स १ सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत स्टीलहेडसाठी बंदच केली होती, आणि सुट्ट्या टाकून बसलेले लोक हात चोळत राहिले.

२. लायसन्स, टॅग, परवानग्या

हे कंटाळवाणं आहे पण इथेच ग्रुपमधला एक जण कायम अडकतो.

ओरेगनमध्ये १२ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, वॉशिंग्टनमध्ये १५ पासून. ओरेगनचं वार्षिक लायसन्स जानेवारी ते डिसेंबर चालतं, वॉशिंग्टनचं १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यामुळे "मी गेल्या उन्हाळ्यातच काढलंय" हे वाक्य कोणी बोललं की लगेच तारीख बघायची. ओरेगनमध्ये स्टीलहेडसाठी लायसन्सवर कंबाइन्ड अँगलिंग टॅग (ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड) पण लागतो. ट्राउटसाठी आलोय म्हणून टॅग नको असं म्हणणाऱ्याने स्टीलहेडच्या पाण्यात मोठी फ्लाय फिरवू नये, एवढंच सांगतो.

लोअर डेशूट्सचे दोन नियम नवीन माणसाला माहीतच नसतात. एक, आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम फ्लाय आणि लूर म्हणजे धातू-प्लास्टिकचे नकली मासे (शेरार्स फॉल्सजवळचा एक छोटा पट्टा सोडून). दोन, तरंगत्या बोटीतून मासेमारी करता येत नाही, बोट काठाला लावा, उतरा, मग फेका. बोटीने जाणार असाल तर बोटर पास वेगळा. आणि नदीच्या पश्चिम काठाचा काही भाग वॉर्म स्प्रिंग्ज रिझर्व्हेशनचा, म्हणजे तिथल्या मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव जमिनीचा आहे, तिथे ट्राइबची (जमातीची) स्वतंत्र परवानगी लागते आणि ती पण ठराविक भागापुरतीच, राज्याचं लायसन्स तिथे पुरत नाही.

*सावधान:* दरीत उतरलं की फोनची रेंज जाते. ॲपमध्ये घरूनच लॉगिन करून ठेवा, नियमांचं पान सेव्ह करा. मी एकदा पार्किंगमध्ये पासवर्ड आठवत बसलो होतो आणि बाकीचे तिघं पहाटेचं पाणी मारून परत आले.

३. किती जण आणि कोण काय करणार

चार ही माझ्या मते शेवटची संख्या. त्यापुढे एका काठावर मावत नाही आणि सकाळी निघायलाच आठ वाजतात. जोड्या पाडा, प्रत्येक जोडीत एक जरा अनुभवी आणि एक नवा. जोडीतल्याने दुसऱ्याला नजरेआड करायचं नाही, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्या दोन तासांत प्रत्येक जण आपापल्या वळणाआड गायब होतो.

एकाकडे फर्स्ट एड, एकाकडे स्वयंपाक, एकाकडे पाण्याची आणि हवेची माहिती. डेशूट्सच्या दरीत उन्हाळ्यात शेकोटी बंद असते, लाकडाची पण आणि कोळशाची पण, म्हणजे गॅसचा स्टोव्ह न्यायलाच हवा. माहितीवाल्याने यूएसजीएस या सरकारी संस्थेच्या गेजवर (नदीचं पाणी मोजणारं यंत्र) आठवडाभर रोज आकडा बघायचा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, पाणी चढतंय का उतरतंय ते कळायला पाहिजे. आणि मॉपिनच्या खाली व्हाइट रिव्हर येऊन मिळते, ती माउंट हूडच्या हिमनदीतून येते, खूप उकाडा झाला की ती गाळ आणते आणि तिथून खालचं पाणी दुधाळ होतं. असं झालं तर मॉपिनच्या वर जायचं हे घरीच ठरलेलं असू दे, काठावर उभं राहून मीटिंग नको.

४. सगळं सामान घरी जोडा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग नदीवर पहिला दीड तास गाठी मारण्यात जातो.

ट्राउटसाठी ९ फुटी ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉड-लाईनच्या ताकदीचा नंबर), फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाईन, ९ फुटी लीडर (लाईनच्या पुढचा, बारीक होत जाणारा धागा). स्टीलहेडसाठी ७ वेट, एकहाती असेल तर साडेनऊ-दहा फुटी, किंवा दोनहाती स्पे रॉड साधारण साडेबारा-तेरा फुटी. नव्या माणसाने स्पे रॉड ट्रिपसाठी म्हणून विकत घेऊ नये, कोणाचा तरी मागून एक संध्याकाळ फिरवून बघावा.

रीलवर लाईन भरताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, हँडल डावीकडे पाहिजे का उजवीकडे हे न बघताच बॅकिंग (लाईनच्या मागचा दोरा) गुंडाळायला सुरुवात, मग पूर्ण रील उलटं भरलं जातं. दुसरी, लाईन उलट्या टोकाने भरणं. वेट-फॉरवर्ड लाईनचं जाड टोक माशाकडे असतं, रीलकडे जाणाऱ्या टोकाला बहुतेक वेळा छोटा स्टिकर असतो, तो वाचा. उलटी भरलेली लाईन घेऊन एक जण अख्खा दिवस "माझं कास्टिंगच बिघडलंय" म्हणत होता.

रॉड जोडताना लाईन ओवायची पद्धत पण बघून घ्या. लीडरचं बारीक टोक धरून रिंगांतून ओवायला जाऊ नका. फ्लाय लाईन साधारण फूटभर दुमडा, त्या दुमडीचं टोक चिमटीत धरून एकेका रिंगमधून वर न्या. हातातून सुटली तरी दुमड उघडते आणि रिंगमध्ये अडकून राहते, सगळी लाईन घरंगळत खाली येत नाही. शेवटी एका डोळ्याने रॉडवरून बघा, एखादी रिंग सुटलीये का आणि सगळ्या एका रेषेत आहेत का. सुटलेली रिंग कायम पहिला मासा दिसल्यावरच लक्षात येते.

लीडर-टिपेटचा (टिपेट म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायचा बारीक धागा) अंदाज असा: फ्लायच्या साईजला तीनने भागा, जवळपास तेवढ्या एक्सचं (एक्स म्हणजे बारीकपणाचा नंबर) टिपेट. म्हणजे १६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स. स्टीलहेडला हे गणित सोडून द्या, सरळ १० ते १२ पौंडी घ्या. सिंक टिप (लाईनचं बुडणारं टोक) लावली असेल तर लीडर आखूड, तीन-चार फूट बस. इथे नऊ फुटी लीडर लावणारे खूप बघितलेत, टिप खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते, मग सिंक टिपचे पैसे पाण्यातच की.

फ्लायबद्दल एकच म्हणणं आहे, दोनशे नेऊ नका. ट्राउटला फेझंट टेल आणि हेअर्स इअर १४-१६, एल्क हेअर कॅडिस, पॅराशूट ॲडम्स, एखादी वूली बगर. स्टीलहेडला ग्रीन बट स्कंकसारखी ६ नंबरची काळी फ्लाय आणि एखादी मोठी. डबा जितका मोठा तितका वेळ फ्लाय बदलण्यात जातो.

५. दोन गाठी, डोळे मिटून

टिपेट जोडायला डबल सर्जन्स, फ्लाय बांधायला इम्प्रूव्हड क्लिंच. बस. या दोन तुम्हाला अंधारात, गार बोटांनी मारता आल्या पाहिजेत, कारण स्टीलहेडची वेळ म्हणजे उजाडायच्या आधीची.

गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं, दिसायला गाठ झकास दिसते. हळू ओढा, वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. मग फ्लाय कशात तरी अडकवून जोरात ओढून बघा. तुटायची असेल तर आत्ता तुटू दे.

याच वेळी सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. नियम असो नसो. मासा सोडायला सोपं, आणि वाऱ्यात गळ मित्राच्या कानात घुसला तर तो पण सोडायला सोपं. डोळ्याजवळ घुसला तर मात्र काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ हॉस्पिटल.

६. हिरवळीवर सराव

निघायच्या आधीचे दोन आठवडे, रोज पंधरा मिनिटं, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. लांब फेकायचा नाद सोडा. तीस फूट अंतरावर ताट ठेवा आणि त्यात टाका.

चूक बहुतेक एकच असते, मागे रॉड नेल्यावर थांबत नाहीत. मागे लाईन सरळ व्हायला वेळ द्यावा लागतो, मान वळवून बघा, लाज कसली. चाबकासारखा आवाज आला म्हणजे घाई झाली, आणि फ्लाय असती तर तुटून गेली असती. मनगट जास्त वाकलं की लाईन मागे जमिनीवर आपटते.

रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पुढे गुंडाळत टाकणं) मात्र गवतावर नीट जमत नाही, त्याला पाण्याची पकड लागते, तेव्हा जवळच्या तळ्यावर अर्धा तास जाऊन या. डेशूट्सवर मागे झाडं असतात, रोल कास्टशिवाय काही खरं नाही. दरीत दुपारनंतर वारा पण जबरी सुटतो. वारा उजवीकडून असेल तर रॉड डाव्या खांद्यावरून न्या. गॉगल आणि टोपी कायम.

७. नदीवरची पहिली वीस मिनिटं: फेकायचं नाही

हे पाळून घ्यायला सगळ्यात कठीण, कारण गाडीतून उतरल्या उतरल्या हात शिवशिवतात.

थर्मामीटर पाण्यात मिनिटभर धरा. ट्राउटला साधारण ५० ते ६५ फॅरनहाइट, म्हणजे १० ते १८ सेल्सिअस बरं पडतं. ६८ फॅरनहाइट, २० सेल्सिअस झालं की थांबायचं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरतो. मोंटानात तर अशा वेळी काही नद्यांवर दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारीच बंद ठेवतात.

मग काठावरचा एक दगड उचलून उलटा करून बघा, खाली काय चिकटलंय, कुठल्या रंगाचं, केवढं. डब्यातली त्याच्या जवळची फ्लाय काढा आणि दगड होता तसा ठेवा. उन्हाळ्यात दगडात हात घालायच्या आधी काठीने ठोका, या दरीत रॅटलस्नेक आहेत.

आणि शेवटी पाणी वाचा. खळाळ कुठे आहे, डोह कुठे, डोहाचं शेपूट कुठे उथळ होतंय, जोराची धार आणि संथ पाणी कुठल्या रेषेवर भेटतंय. मासा बहुतेक त्या रेषेच्या संथ बाजूला असतो, तिथे त्याला श्रम कमी आणि खाणं शेजारून वाहत जातं.

८. पाण्यात उतरताना

डेशूट्सचे दगड शेवाळाने गुळगुळीत आहेत आणि तळ एकदम खोल होतो. वेडर्सचा (पाण्यात उभं राहायची जलरोधक पँट) पट्टा घट्ट आवळा, सैल पट्टा म्हणजे पडल्यावर वेडर्समध्ये पाणी. काठी हातात, बॅगेत नाही. पाय उचलून टाकू नका, घासत न्या, एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही, आणि पायात पाय टाकायचा नाही. वळायचं असेल तर तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून वळा. मांडीच्या वर पाणी आलं की परत फिरा, मासा तिथे नसतो, हट्ट असतो.

*पडलात तर:* रॉड सोडून द्या, पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि उथळ पाणी येईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात अडकला तर पाणी वरून दाबतं. हे चौघांनी मोठ्याने म्हणून घ्या, हसू येईल, येऊ दे.

९. ट्राउट: जवळून लांब

सगळे मधल्या धारेकडे फेकतात आणि पायाजवळचा मासा उडवून लावतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी. पहिल्या दोन-चार फेकी गुडघाभर पाण्यात, काठालगत. मग एकेक हात पुढे.

निम्फ (पाण्याखाली वाहणारी फ्लाय) लावली असेल तर इंडिकेटर (लाईनवरचा तरंगता गोळा) ते फ्लाय अंतर पाण्याच्या खोलीच्या दीड ते दोन पट. फ्लाय तळाजवळून जायला हवी, मधेमधे तळाला टेकली नाही तर अंतर किंवा वजन वाढवा. लोक फ्लाय बदलतात आणि खोली तीच ठेवतात, उलटं करा.

फ्लाय पाण्याबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. इंडिकेटर बाजूच्या फेसापेक्षा जोरात पळतोय का बघा, पळत असेल तर लाईनला धार ओढतेय, मग रॉड उचलून लाईनचा मधला भाग वरच्या बाजूला फेकून द्या, यालाच मेंड म्हणतात. फेक पडल्या पडल्या पहिला मेंड, उशिरा केला तर फ्लायच हलते. इंडिकेटर जरा थबकला, दबला, तिरका झाला, रॉड उचला. दहातले आठ दगड निघतील. त्या दोनासाठीच उचलायचं.

१०. स्टीलहेड: फेक, फिरवा, दोन पावलं

इथे ट्राउटची सगळी सवय आड येते. प्रवाहाला तिरकी, खालच्या बाजूला साधारण ४५ अंशात फेक. एक मेंड. मग काही करायचं नाही, लाईन ताणलेली ठेवून फ्लाय आपोआप आपल्या काठाकडे फिरत येऊ द्यायची. अगदी खाली सरळ लोंबायला लागली की चार-पाच सेकंद थांबा, मागून आलेला मासा बरेचदा तिथेच घेतो. मग दोन पावलं खाली, परत तेच. एकाच जागी उभं राहून वीस फेकी हा ट्राउटवाल्यांचा रोग आहे.

पाणी कसलं? माणूस चालतो त्या वेगाने वाहणारं, तीन ते सहा फूट खोल. आणि सुरुवात घोट्याएवढ्या पाण्यातून, आखूड लाईनने, कारण पहाटे मासे काठाजवळ असतात आणि लोक त्यांच्या डोक्यावरून चालत जातात.

मित्रांबरोबर असताना रांग पाळा. पुढचा खाली सरकला की दुसरा त्याच्या वरून, मागून सुरुवात करतो. कोणाच्याही खालच्या बाजूला उतरायचं नाही, अनोळखी माणसाच्या तर अजिबात नाही, या एका गोष्टीवरून काठावर भांडणं होतात. पहिला कोण हे रोज बदला.

मासा लागला की रॉड झटकन वर नको. थरथर जाणवली, टकटक जाणवली, तरी हात थंड ठेवा. त्याला लाईन घेऊन वळू द्या, रील ओरडायला लागली की मग रॉड काठाच्या बाजूला आडवा न्या. आमचा तो चहावाला भिडू म्हणूनच जिंकला, त्याच्या हातात कप होता, झटका मारायला हातच रिकामा नव्हता.

११. मासा जवळ आल्यावर

जास्त खेळवू नका. रॉड आडवा ठेवून बाजूने दाब द्या, नेट रबरी जाळीची, पाण्यातच धरा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत.

स्टीलहेड असेल तर पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघा, ॲडिपोज फिन. तो असेल तर मासा जंगली, सोडायचाच. कापलेला आणि तिथे बरं झालेला व्रण असेल तर हॅचरीचा (माणसांनी वाढवून सोडलेला), नियमात बसत असेल तर ठेवता येतो, आणि ठेवलात तर तिथल्या तिथे टॅगवर नोंद, गाडीत गेल्यावर नाही. वॉशिंग्टनमध्ये सोडायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढणंच बेकायदेशीर आहे, आणि मला वाटतं हीच सवय सगळीकडे ठेवावी. फोटोवाल्याने आधी कॅमेरा तयार करून सांगायचं, मग मासा अर्धवट वर, एक फोटो, खाली.

सोडताना तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून शेपटीपाशी हलका आधार द्या. मागेपुढे हलवत बसू नका. तो स्वतः जोर लावून निघाला की सोडा.

१२. परतीच्या आधी

दमल्यावर घाई होते आणि रॉड तेव्हा तुटतात, जवळपास सगळे गाडीच्या दारात. आधी रॉड सुटे करून नळीत, मग बाकीचं. जोड अडकला असेल तर पिळू नका, दोघांनी सरळ ओढा.

बूट आणि वेडर्स नदीवरच ब्रशने घासा. न्यूझीलंड मड स्नेल नावाची गोगलगाय काही मिलिमीटरचीच असते, बुटाच्या खाचेत बसून एका नदीतून दुसरीत जाते. घरी आल्यावर सगळं पूर्ण सुकवा, वेडर्स आतून पण, पायांचा भाग उलटा करून. ओल्या फ्लाय डब्यात बंद केल्या तर पुढच्या ट्रिपला गंजलेले गळ निघतात, तेव्हा डबा उघडा ठेवून रात्रभर पंख्याखाली, मांजर असेल तर बंद खोलीत.